आधी सेल मारू नका

“डिझेल इंजिन आहे रे, त्याला काय होतंय? दुसऱ्या गाडीची बॅटरी लाव आणि मार सेल.”

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कोकणात हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. मांगरात नाहीतर पडवीच्या कडेला तीन-चार पावसाळे काढलेली ॲम्बेसेडर, जीप किंवा सुमो असते. मुंबईहून मुलगा आलेला असतो, बॉनेट उघडलेलं असतं, भोवती माणसं जमलेली असतात आणि त्यांतला एकही जण हे वाक्य खोडत नाही. मेकॅनिकही नाही. उलट जंप केबल तोच घेऊन येतो. या एका वाक्यापायी किती इंजेक्शन पंप गेले, किती कनेक्टिंग रॉड वाकले, किती चांगली इंजिनं ‘आता खोलावं लागेल’ म्हणून तशीच भंगारात गेली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मला हे वाक्य सहन होत नाही. ते चुकीचं का आहे, हे एकदा नीट सांगायलाच हवं.

आधी या मताची बाजू पूर्ण मांडतो. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग, पॉइंट, कॉइल, कार्बोरेटरची बारीक भोकं. यातलं काहीही उभ्या-उभ्या बिघडतं. पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर ठेवतं. डिझेलला ही कटकट नाही. दाबाने हवा तापते, तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की पेट घेतं, इंजिन चालू. डिझेल तेलकट असतं, म्हणजे आतले भाग आपोआप तेलात राहतात. इंजिनाचं लोखंड जाड. ॲम्बेसेडरच्या 1,489 सीसीच्या डिझेल इंजिनाने टॅक्सीत किती वर्षं काढली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. आणि शेवटचा हुकमी दाखला किर्लोस्करच्या इंजिनाचा: पावसाळाभर विहिरीवर पडून असतं, दिवाळीनंतर हँडल मारलं की चालू. मग मोटारीलाच एवढे लाड कशाला?

यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चालत्या इंजिनाबद्दल खरं आहे. टॅक्सीचं इंजिन इतकं टिकलं कारण ते रोज चाललं. रोज त्यातून ताजं डिझेल वाहिलं, रोज तेल सगळीकडे पोचलं, रोज ते इतकं तापलं की आत साचलेला ओलावा उडून गेला. चालण्यामुळे आलेला काटकपणा उभ्या गाडीच्या नावावर कसा जमा होईल? ज्या इंजिनाने लाखो किलोमीटर सोसले, ते चार वर्षांचा दमटपणाही सोसेल, हा निष्कर्ष कशावरून?

किर्लोस्करच्या दाखल्याबद्दल तर मला विशेष बोलायचं आहे, कारण तो दाखला देणारा त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट विसरतो. ते इंजिन शेतकरी हाताने फिरवतो. आधी डिकॉम्प्रेशनचा खटका उचलतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि दाब तयारच होत नाही. मग हँडल फिरवतो. इंजिन जड फिरतंय, कुठे अडतंय, घासल्याचा आवाज येतोय, हे सगळं त्याच्या मनगटाला कळतं. अडलं तर तो थांबतो, तेल सोडतो, पुन्हा हळू फिरवतो. शिवाय ते इंजिन दर हंगामाला चालतं. मोटारीच्या स्टार्टरला मनगट नाही. चावी फिरवली की तो पिनियन दात्यांत घालतो आणि बॅटरीत जेवढा जोर आहे तेवढा लावतो. आत काय आहे हे त्याला कळत नाही आणि चावी फिरवणाऱ्यालाही कळत नाही. म्हणजे जो दाखला सेल मारण्याच्या बाजूने दिला जातो, तो खरं तर आधी हाताने फिरवून बघण्याच्या बाजूचा आहे.

आता टाकीकडे. ‘डिझेल खराब होत नाही’ हा या मताचा पाया आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे. डिझेल पेट्रोलइतकं लवकर बिघडत नाही, एवढंच खरं. बरं साठवलं तर सहा महिने, वर्षभर ते ठीक राहतं. पण गाडीची टाकी बंद पिंप नव्हे. तिला हवेसाठी वाट असते. दिवसा आतली हवा तापून बाहेर पडते, रात्री गार होऊन बाहेरची हवा आत ओढली जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि कित्येक ठिकाणी त्याहून जास्त पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर ही हवा काय घेऊन आत जात असेल? टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या पत्र्यावर दव धरतं, थेंब खाली उतरतात. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. आणि बाहेर नेणाऱ्या पाइपाचं तोंडही तळाजवळच असतं.

पुढची गोष्ट मात्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लोकांना पटत नाही. मालवणच्या बाजूला एका मांगरात उभ्या असलेल्या ॲम्बेसेडरच्या टाकीत आम्ही नळी तळापर्यंत सोडली आणि डिझेल ओढून पाण्याच्या पारदर्शक बाटलीत घेतलं. मालक शेजारीच उभे होते; डिझेल चांगलं आहे, वास येतोय ना, असं त्यांचं म्हणणं. बाटली अंगणात उन्हात ठेवली. थोड्या वेळात तीन थर दिसू लागले. वर काळपट डिझेल. तळाशी गंजाने लालसर झालेलं पाणी. आणि दोन्हींच्या मधोमध सायीसारखा एक गडद, बुळबुळीत पापुद्रा. बाटली हलवली तसा तो फाटला आणि त्याच्या चिंध्या डिझेलमध्ये वर-खाली फिरू लागल्या. हा पापुद्रा जिवंत असतो. जिथे पाणी आणि डिझेल एकमेकांना टेकतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. पाण्यात राहतात आणि डिझेल खातात. त्यांच्यापासून तयार होणारी आम्लं टाकीचा पत्रा आतून कुरतडतात. वास चांगला येतो, कारण डिझेलचा वास डिझेललाच येणार. त्या वासावरून काय ठरवायचं?

सेल मारला की हेच सगळं पुढे निघतं. फीड पंप ते फिल्टरपर्यंत आणतो. फिल्टर चिंध्या अडवतो, पण फार वेळ नाही. आणि खालची वाटी पाण्याने भरली की जास्तीचं पाणी पुढे जातं. पुढे आहे इंजेक्शन पंप. डिझेल गाडीतला सर्वांत महागडा, सर्वांत नाजूक आणि सर्वांत कमी समजून घेतलेला भाग. त्यातला प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शापेक्षाही कमी. तिथे रबरी सील नसतं. इतक्या बारीक घासणीनेच दाब धरला जातो. ॲम्बेसेडरवर येणारा रोटरी पंप तर पूर्णपणे डिझेलच्याच वंगणावर चालतो. त्याला वेगळं तेल नाही. त्यात पाणी गेलं, गंजाचा एक ठिपका उठला, किंवा आत हवा असताना मिनिटभर सेल मारून तो कोरडा फिरवला, की त्या बारीक घासणीवर ओरखडे येतात. ओरखडा आलेला भाग घासून दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. ‘डिझेल तेलकट असतं म्हणून भाग तेलात राहतात’ असं म्हणणाऱ्याने एकदा इंजेक्शन पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे जाऊन असा खोललेला पंप हातात घ्यावा.

टाकी सोडवून धुवायला अर्धा दिवस लागतो. फिल्टर नवे मिळतात आणि स्वस्त असतात. तळापासून वरपर्यंतच्या रबरी नळ्या बदलणं कुठल्याही गावात जमतं. हे सगळं न करता सेल मारणारा माणूस अर्ध्या दिवसाची मेहनत वाचवण्यासाठी अख्खा पंप पणाला लावतो. यात कोणती काटकसर आहे?

इथेच दुसरं एक मत डोकावतं, तेही निकालात काढू. ‘आताचं डिझेलच जुन्या इंजिनाला सोसत नाही, त्यात थोडं रॉकेल मिसळा.’ 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल मिळतं, त्यात गंधकाचं प्रमाण दशलक्ष भागांत 10 भागांपेक्षा जास्त नसतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचं मूळचं वंगणही कमी होतं, हे खरं; म्हणूनच रिफायनरीत वंगण वाढवणारं रसायन त्यात घालतात आणि ते किती असावं याचं मानकही आहे. पेट्रोल पंपावरचं ताजं डिझेल जुन्या इंजिनाला चालतं. अडचण असते ती जुन्या रबराची. जुन्या प्रकारच्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं भिजून फुगलेली सीलं कोरड्या काळात आकसतात, कडक होतात, आणि नवं डिझेल आल्यावर गळू लागतात. त्यावर उपाय सीलं बदलणं हाच. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ आणि वंगणाला कमी. वंगणाची काळजी वाटते म्हणून वंगण कमी करणारी वस्तू मिसळायची, हा सल्ला देणाऱ्यांनी तो कुठून आणला?

सीलांवरून आठवलं. सेल मारण्याआधी डिपस्टिक ओढून बघायला कितीसा वेळ लागतो? पण तीही कुणी ओढत नाही. पंपाचं पुढचं सील गेलं असेल तर डिझेल टायमिंगच्या बाजूने इंजिनात झिरपतं आणि तेलाची पातळी खुणेच्या वर चढते. ‘बघा, तेल तर भरपूर आहे’ म्हणून लोक खूश होतात. त्या तेलाला बोटावर घेऊन वास घ्या. पातळ लागलं, डिझेलचा वास आला, तर त्या तेलावर इंजिन एक फेराही फिरवू नये. बेअरिंगना त्याचा काही आधार नसतो.

आता सिलिंडरकडे येऊ, कारण सर्वांत मोठा घात तिथे होतो. गाडी उभी राहते तेव्हा एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असतोच. त्या वाटेने दमट हवा आत जाते, आणि जिथे रिंगा टेकलेल्या असतात तिथे गंजाची रेघ धरते. एखाद्या नोझलातून डिझेल ठिबकलेलं असतं, हेड गॅस्केटातून पाणी उतरलेलं असतं. पेट्रोल इंजिनात अशा चमचाभर पाण्याला जागा मिळते. डिझेलमध्ये का मिळत नाही, याचं गणित सोपं आहे. 1,489 सीसीचे चार सिलिंडर, म्हणजे एकेकाचे साधारण 372 सीसी. या जातीच्या इंजिनात हवा बावीस-तेवीस पटीने दाबली जाते. पिस्टन वर पोचतो तेव्हा उरलेली जागा असते साधारण 17 सीसी. साडेतीन चहाचे चमचे. एवढा द्रव आत असला की पिस्टनला वर जायला जागाच नाही, कारण द्रव दबत नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. नेमकं ज्या गुणामुळे डिझेल इंजिन काटक म्हणवलं जातं, त्या जबरदस्त दाबामुळेच ते उभं राहिल्यावर जास्त नाजूक होतं. ‘लोखंड जाड आहे’ हे उत्तर इथे कामाचं आहे का?

आणि हे कमी म्हणून की काय, सेलने गाडी उठली नाही की पुढची आज्ञा सुटते: “ट्रॅक्टर आणा, ओढून चालू करू.” स्टार्टर निदान थकतो, बॅटरी उतरते, आणि त्या अशक्तपणामुळे कधी कधी इंजिन वाचतं. ट्रॅक्टर थकत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की गाडीचं सगळं वजन चाकांतून क्रँकवर येतं. अडकलेली रिंग तुटते, सिलिंडरला चर पडतो, द्रव असेल तर रॉड जातो. पट्ट्यावर टायमिंग असलेल्या गाडीत आणखी एक धोका आहे. पिंपरीहून 1998 च्या अखेरीस आलेली डिझेल इंडिका घ्या. तिच्यासारख्या गाड्यांत टायमिंगचा पट्टा रबरी. त्याचं आयुष्य किलोमीटरइतकंच वर्षांनीही ठरतं. मीटरवर आकडा कमी म्हणून पट्टा नवा राहत नाही. झटका बसून त्याचे दाते उडाले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मी असा ओढून चालू केलेला एक इंजिन-ब्लॉक पाहिला आहे; त्याच्या पोटाला बाजूने भोक पडलं होतं आणि रॉडचं टोक त्यातून दिसत होतं. त्या अंगणात तासाभरापूर्वी टाळ्या वाजत होत्या.

चालू न होण्यापेक्षाही भयंकर एक शक्यता आहे, आणि तिच्याबद्दल या चर्चांत एक अक्षर निघत नाही. गाडी चालू होते आणि बंद होत नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे चावी काढून ते थांबेलच असं नाही. ते थांबतं डिझेल बंद झाल्यावर. रोटरी पंपात किती डिझेल जाणार हे ठरवणारा एक बारीक मीटरिंग व्हॉल्व्ह असतो. तो उभ्या-उभ्या जुन्या डिझेलच्या चिकट थराने अडकतो. उघडा अडकला तर इंजिनाचा वेग चढतच जातो, आणि इंजिन बंद करायची स्टॉपरची दांडी ओढली तरी उपयोग नाही, कारण ती दांडीही त्याच व्हॉल्व्हला ढकलत असते. तेलात डिझेल उतरून पातळी वाढलेली असेल तर इंजिन स्वतःचं तेल ओढून त्यावरही धावू शकतं. अशा वेळी एकच मार्ग राहतो: हवेची वाट बंद करणं. एअर क्लीनर काढून, आत येणाऱ्या हवेच्या तोंडावर बसेल अशी सपाट फळी आधीपासून हाताशी ठेवणं. हात किंवा फडका लावायचा नाही. तो आत ओढला जातो. मुलंबाळं भोवती उभी करून, फळीही जवळ न ठेवता सेल मारणारी माणसं मला बेफिकीर वाटतात, आणि हा शब्द मी जपूनच वापरतो आहे.

आता दुसऱ्या टोकाचं मत. शहरात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते जास्त ऐकू येतं: “उभी कशाला ठेवायची? दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवतो.” हे करणारा माणूस गाडीवर प्रेम करतो, म्हणून त्याला दोष देताना जिवावर येतं, पण त्या दहा मिनिटांनी गाडीचं नुकसानच होतं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. रस्त्यावर धावणारं इंजिन तापलेलं असतं, ते पाणी वाफेने बाहेर जातं. उभ्या जागी संथ चालणारं डिझेल इंजिन फार थोडं इंधन भरपूर हवेत जाळतं, त्यामुळे ते लवकर तापतच नाही. वाफ गार सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते आणि तो आतून सडतो. ओलावा तेलात मिसळतो. अर्धवट जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली नेतं. हीटर प्लग आणि स्टार्टर मिळून बॅटरीतून जेवढं खेचतात, तेवढं दहा मिनिटांत परत भरत नाही. म्हणून रविवारमागून रविवार बॅटरी थोडी-थोडी उतरत जाते आणि एके दिवशी कायमची बसते. आणि या सगळ्यात चाकं एक फूटही हललेली नसतात. ब्रेक जिथल्या तिथे, टायर त्याच ठिकाणी दबलेले. चालवायचीच असेल तर गाडी रस्त्यावर काढा, वीस-तीस किलोमीटर फिरवा, तापमानाचा काटा मधोमध येऊन स्थिर होऊ द्या. ते जमणार नसेल तर तिला हात लावू नका आणि नीट बंद करून ठेवा: टाकी काठोकाठ भरून, तेल ताजं घालून, बॅटरी काढून घरात, हँडब्रेक सोडून चाकांना दगड लावून. दोन्हींच्या मधली दहा मिनिटं काही कामाची नाहीत.

“चालू झाली म्हणजे झालं” हे आणखी एक. इंजिन धडधडलं की फोटो निघतात, पेढे येतात आणि गाडी थेट रस्त्यावर. पण चार वर्षं इंजिनाबरोबर ब्रेकही उभेच होते ना? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. साधं डॉट 3 ताजं असताना 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं 140 अंशांच्या आसपास उकळायला लागतं. घाटात ब्रेक तापतात तेव्हा ते उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. व्हील सिलिंडर आतून गंजलेले असतात. रबरी ब्रेक नळ्या आतून फुगून बुजतात; दाब जातो पण परत येत नाही आणि एक चाक धरून राहतं. शिवाय डिझेल गाडीत ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम बहुधा अल्टरनेटरच्या मागच्या छोट्या पंपातून येतो. त्याची नळी उंदराने कुरतडली असेल तर पेडल दगडासारखं लागतं. अशी गाडी घेऊन फोंडा घाट किंवा आंबोली घाट उतरायचा? टायरवर चार आकडे छापलेले असतात, 2314 म्हणजे 2014 च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसो, इतकं जुनं रबर रस्त्यावर आणायचं नाही. यावर वाद घालण्यासारखं मला काहीच दिसत नाही.

उरलं शेवटचं मत, आणि ते सर्वांत शहाण्यासारखं बोललं जातं. “एवढं सगळं करायचं तर भंगारात का देत नाही? जुनं डिझेल म्हणजे धूर.” धुराचं मी मान्य करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे. त्यात शंका घ्यायला जागा नाही. पण मग नोझल तपासून, पंप कॅलिब्रेट करून, एअर फिल्टर बदलून गाडी उभी करणारा माणूस या मताच्या बाजूचा की विरुद्ध? धूर ओकत जातात त्या सेल मारून आणि ट्रॅक्टरने ओढून उठवलेल्या गाड्या. तिरकं फवारणाऱ्या नोझलांच्या, दाब गेलेल्या रिंगांच्या. कायद्याचा धाकही उगाच घातला जातो. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर 2015 मध्ये हरित लवादाने आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे निर्बंध आणले ते दिल्ली परिसरासाठी होते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर गाडीची तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण होतं, पर्यावरण कर भरावा लागतो, पीयूसी लागतं. जी गाडी या तपासणीत बसत नाही ती रस्त्यावर येऊ नये, हे मी कुणापेक्षाही आधी म्हणेन. जी बसू शकते तिला आळसापायी मारून वर ‘जुनीच होती’ म्हणायचं, हे मला मान्य नाही. ॲम्बेसेडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. डिझेल फियाट, जुन्या जीपा, पहिल्या सुमो, यांतली प्रत्येक गाडी गेली की तिच्याबरोबर तिचा पंप बांधणारा, तिचे शिम लावणारा, आवाजावरून टायमिंग ओळखणारा एक हातही रिकामा होतो. हे हात काही तालुक्यांत अजून आहेत, पण फार दिवस राहणार नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे आणि त्यात मी एक इंचही मागे यायला तयार नाही: उभ्या राहिलेल्या डिझेल गाडीत सेल ही सर्वांत शेवटची गोष्ट. आधी टाकी उतरवा, धुवा, वाळवा. फीड पंपापर्यंतच्या नळ्या बदला, फिल्टर बदला, वाटी साफ करा. जुनं तेल सोडून नवं घाला. रेडिएटरमधलं पाणी काढून कूलंट भरा. एअर क्लीनरचा डबा उघडून उंदराचं घरटं बघा; मला ते बऱ्याचदा सापडलं आहे. हीटर प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं तेल सोडा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवा, नेहमीच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे. अडलं तर जोर करू नका. पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. मोकळं फिरलं की हीटर प्लग बाहेर असतानाच, पंपाचं डिझेल बंद ठेवून क्षणभर स्टार्टर द्या, म्हणजे आत साचलेलं तेल आणि पाणी भोकांतून उडून जाईल. पंप खोलायचा की नाही ते पंपवाल्याला ठरवू द्या. मीटरिंग व्हॉल्व्ह मोकळा आहे हे मात्र त्याच्याकडून तपासून घ्याच. नोझल टेस्टिंगला द्या. हाताच्या पंपाने एअर काढा, बुडबुडे थांबेपर्यंत.

आता चांगली बॅटरी लावा. एक माणूस स्टॉपरपाशी, एक माणूस फळी घेऊन हवेच्या तोंडापाशी, मुलं अंगणाच्या पलीकडे. मग मारा सेल. गाडी उठली की ऑइलचा दिवा विझला का बघा, रेस करू नका, गार असताना गळती शोधा आणि गरम झाल्यावर पुन्हा शोधा. ब्रेकचं काम होईपर्यंत फाटकाच्या बाहेर नेऊ नका. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर फिल्टर पुन्हा उघडा आणि वाटीतलं डिझेल पारदर्शक बाटलीत घेऊन बघा. तळाशी पाणी दिसलं तर टाकी परत उतरवायची.